चांगल्या पोत्यातली वानगी

संपतरावांनी खोटं बोलून आजवर कुणाचं घर बुडवलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्या माणसाला भलतंसलतं समजाल. पण वानगी कशी द्यायची, ते मात्र त्यांच्या हाडीमाशी मुरलं होतं. धायरीत जेव्हा रानं होती आणि रानांत ज्वारी होती, तेव्हा ते वडलांबरोबर पोती घेऊन मार्केट यार्डात जायचे. व्यापारी म्हणायचा, वानगी दाखवा. वडील मग वीस पोत्यांतलं नेमकं एकच पोतं सोडायचे आणि मूठभर दाणे पुढे धरायचे, टपोरे, मोत्यासारखे. बाकीच्या एकोणीस पोत्यांत काय आहे ते ज्याचं त्यानं बघून घ्यावं. व्यापाऱ्यालाही हे ठाऊक असायचं, आणि तोही काही धुतल्या तांदळाचा नसायचा. वानगी चांगल्या पोत्यातली द्यायची, हे तिथे कुणाला शिकवावं लागत नव्हतं.

पुढे आयटीवाल्यांना राहायला घरं हवी झाली आणि धायरीच्या रानांत ज्वारीच्या जागी बारा-बारा मजले उगवले. संपतरावांचंही रान गेलं. दुमजली बंगला आला, दारात मोठी गाडी आली, मुलगा सूरज इंजिनिअर होऊन हिंजवडीला लागला. सगळं झकास झालं, फक्त संपतरावांना सकाळी उठून करायला काही उरलं नाही. आणि हाताला काम नसलं की तोंड कामाला लागतं. पूर्वी मटण म्हणजे गावची जत्रा नाहीतर जावई-पाहुणा. आता बुधवार, शुक्रवार, रविवार तर ठरलेलेच, आणि मधल्या वारी एखादा जमीन विकलेला दोस्त भेटला की खडकवासल्याच्या रस्त्यावरचं हॉटेल. घरात भाकरी मागे पडली. ज्वारी खाणं म्हणजे गरिबी, आणि गरिबी तर आपण बिल्डरला देऊन टाकली, असा एकूण हिशेब होता.

दोन हजार पंधराच्या मार्चमध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, दाढी करता करता त्यांच्या छातीत कळ आली आणि डावा हात बधिर झाला. दोन स्टेंट बसल्या. घरी सोडताना डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. दोन वाहिन्या मोकळ्या केल्या आहेत, तिसरी अर्धी बंद आहे, ती सध्या तशीच ठेवतोय. गोळ्या चुकवायच्या नाहीत, रोज चालायचं, मटण-अंडी बंद. नाही ऐकलंत तर पुढच्या वेळी छाती उघडावी लागेल, आणि पुढच्या वेळी तुम्ही इथपर्यंत पोचालच, असं मी लिहून देत नाही.

संपतराव घाबरले. चांगले दीड महिना घाबरलेले राहिले. मग भीती शिळी झाली. आधी नुसता रस्सा, मग रश्श्यात चुकून आलेले दोन तुकडे, मग हॉटेलवाल्याला डोळ्यांनी खूण. घरी मात्र मुगाची खिचडी खाऊन असा चेहरा करायचे की बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस आता संन्यास घेतो की काय. सूरजनं बजावलं होतं की पुन्हा हॉटेलात दिसलात तर गाडीची चावी माझ्याकडे. त्यांची बायको सोजरबाई काही बजावत नव्हती. ती कधीच काही बजावत नसे.

जुलैत त्याच डॉक्टरांनी त्यांना पाषाणकडच्या एका प्रयोगशाळेत पाठवलं. हृदयविकार झालेल्या माणसांवर तिथे काही अभ्यास चालला होता. तिथली संशोधक कल्याणी तिशीची होती, दापोडीत वाढलेली, पोस्टातून निवृत्त झालेल्या बापाची लेक. संपतरावांनी रिवाजाप्रमाणे आधी तिचं आडनाव विचारलं. ती फॉर्मवरून डोळे न उचलता म्हणाली, "या रकान्यात तुमचं लिहायचंय, काका, माझं नाही." संपतराव निमूटपणे स्वतःचं सांगू लागले.

अभ्यास काय, ते तिनं समजावून सांगितलं. अंड्यात, मटणात असे काही पदार्थ असतात, जे आपल्या आतड्यांतले जंतू खातात आणि त्यातून एक उग्र वासाचा वायू सोडतात. तो यकृतात जातो, यकृत त्याचं आणखी काहीतरी करून रक्तात सोडतं. ते ज्यांच्या रक्तात फार असतं, त्यांच्या रक्तवाहिन्या लवकर बुजतात, असं दिसू लागलंय. दोष त्याचा नेमका किती, ते अजून ठरायचंय. पण गंमत अशी की तेच अंडं दोघांनी खाल्लं तरी एकाच्या रक्तात ते वाढतं, दुसऱ्याच्या नाही. कारण ज्याच्या-त्याच्या पोटातले जंतू वेगळे. म्हणून तुमचं रक्त हवं, आणि संडासचा नमुनाही हवा.

रक्ताचं सोपं होतं. तिथेच बसवून दोन उकडलेली अंडी खायला दिली आणि दर काही तासांनी रक्त काढलं. सरकारमान्य अंडी खाऊन संपतराव खूश झाले. नमुन्यासाठी मात्र एक झाकणाची डबी आणि बर्फाची पिशवी देऊन घरी धाडलं, सकाळी घेऊन या म्हणून.

घरी येता येता त्यांना घोळ ध्यानात आला. फॉर्मवर त्यांनी लिहून दिलं होतं, मटण मार्चपासून बंद. त्याआधीचं मात्र खरं लिहिलं होतं, आठवड्यातून तीनदा. आणि परवाच तर हॉटेलात अर्धा किलो उडवलं होतं. ही पोरगी एवढ्याशा डबीतून पोटातलं गाव मोजणार, मग तिला परवाचं मटण दिसायला कितीसा वेळ? तिथून डॉक्टरला कळणार, डॉक्टरकडून सूरजला. संपतरावांनी थोडा विचार केला आणि त्यांच्या वडलांनी केलं असतं तेच केलं. सकाळी डबी सोजरबाईच्या हातात दिली आणि म्हणाले, मॅडमनी तुझा मागितलाय. तिनं का म्हणून विचारलं नाही. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तिनं का म्हणून विचारलं, असं त्यांना एकदाही आठवत नव्हतं. डबी भरून आली, वर चिठ्ठी आधीच चिकटवलेली होती, संपतरावांच्या नावाची.

सप्टेंबरात निकालाचा कागद आला. तुमच्या आतड्यातले जंतू उत्तम आहेत, भरपूर प्रकारचे आहेत, अपायकारक पदार्थ बनवणारे नगण्य आहेत. रक्ताचा निकाल नंतर कळवू.

आता बघा, माणूस किती वस्ताद असतो. तो नमुना आपला नाही, हे संपतरावांपेक्षा जास्त कुणाला ठाऊक होतं? पण कागदावर नाव त्यांचं होतं, इंग्रजीत होतं, खाली शिक्का होता. चार दिवस त्यांनी तो कागद दोस्तांना दाखवला, आणि पाचव्या दिवशी त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला. म्हणाले, नवरा-बायको एका घरचं पाणी पितात, एका गिरणीचं पीठ खातात, तिचं पोट चांगलं म्हणजे माझं वाईट असेल कसं? कागद सूरजच्या तोंडावर फडकवून त्यांनी रविवारी उजळ माथ्यानं घरात मटण शिजवायला लावलं. सूरजनं कागद उलटसुलट करून पाहिला, पप्पा रिपोर्ट तर सॉलिड आहे म्हणाला, आणि चावीचं पुन्हा काढलं नाही.

दसऱ्याच्या आधी ते धारेश्वराच्या देवळाच्या पायऱ्या चढत होते आणि अर्ध्यावर त्यांची छाती आवळली. मार्चमधलीच कळ, तीच बधिर बोटं. पायरीवर बसून जिभेखाली गोळी धरली, घाम टिपला. जरा वेळानं कळ उतरली. घरी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगायचं तर डबीपासून सगळंच सांगावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी कल्याणीचा फोन आला की काका, तातडीनं या, तुमचं रक्त काहीतरी विलक्षण सांगतंय.

ती दारातच उभी होती. अशी खुशीत त्यांनी तिला पाहिलीच नव्हती. म्हणाली, मी तीनदा तपासलं, दुसऱ्याकडूनही तपासून घेतलं. तुमच्या रक्तात ते द्रव्य अंड्यांनंतर एवढं चढलं, की आमच्या यादीत तुमचा दुसरा नंबर आहे. पण ते बनवणारे जंतू तुमच्या पोटात जवळजवळ नाहीतच. मग ते आलं कुठून? दोन महिने मी याच कोड्यात आहे. पुढच्या आठवड्यात हैदराबादला परिषदेत हे मांडणार आहे. त्याआधी तुम्हाला तुमचंच दाखवावं म्हणून बोलावलं.

आणि तिनं दाखवलं. एका काचेच्या पेटीला पुढून दोन रबरी हात लावलेले होते. आत प्राणवायूचा मागमूस नव्हता. त्या नमुन्यातले जंतू तिनं तिथे जिवंत ठेवले होते, रोज खाऊ घालून वाढवले होते. आपल्याला हवा नसली की मरण, यांतल्या बहुतेकांना हवा लागली की मरण, ती म्हणाली. मग एक थेंब दोन काचांत बंद करून तिनं सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला आणि संपतरावांना वाकायला सांगितलं.

आधी त्यांना स्वतःच्या पापणीचे केसच दिसले. मग एक उजेडाचं वर्तुळ. मग त्या उजेडात काहीतरी हललं.

एक नाही, सगळंच हलत होतं. काही काडीसारखे सरळ, काही वाकडे, काही माळ धरून चाललेले, काही जागच्या जागी गिरक्या घेणारे. एक लांबडा सगळ्यांना ढकलत असा निघाला होता, की जणू त्याची शेवटची गाडी सुटत होती. गणपतीच्या आदल्या दिवशी पुलावरून स्वारगेटचा स्टँड पाहावा तशी ती दाटी होती. संपतरावांनी श्वास रोखून धरला. आपण जोरात श्वास सोडला तर यांना लागेल, असं काहीतरी खुळं त्यांच्या मनात आलं.

"हे एका थेंबात?" त्यांनी विचारलं.

"एका थेंबात. आख्ख्या पोटात म्हणाल तर चाळीस लाख कोटींच्या आसपास. तुमच्या अंगात तुमच्या स्वतःच्या पेशी जवळपास तेवढ्याच. म्हणजे निम्मे तुम्ही आणि निम्मे हे."

पहिले काही आईकडून मिळतात, जन्मतानाच, ती सांगत राहिली. मग आपण जे खाऊ घालू तसे ते वाढतात. कोंडा, साल, देठ, गार भाकरीतला जो अंश आपल्याला पचत नाही, ते सगळं यांचं अन्न. ते खाऊन हे आपल्याला असं काही देतात, की आतड्याचं अस्तर धड राहतं, आतली सूज कमी राहते, रक्तदाबही थोडाफार आटोक्यात राहतो. उपाशी ठेवलं तर मरतात, आणि त्यांच्या जागी दुसरे येऊन बसतात. संपतराव ऐकत होते, पण डोळा काचेवरून निघत नव्हता. एक्कावन्न वर्षं हे पोट घेऊन आपण हिंडलो, पट्टा बांधला, ढेकर दिली, आणि आत हे चाललं होतं. काळ्या मातीत मूठभर शेणखत टाकलं की ती का भुसभुशीत होते, हे त्यांना आयुष्यभर हातानं ठाऊक होतं. तीच माती आपण पोटात घेऊन फिरतो, हे कुणी कसं सांगितलं नाही? त्यांचे डोळे भरून आले, आणि कशानं ते त्यांना सांगता आलं नसतं.

मग कल्याणीनं संगणकावर एक लांबलचक रंगीत पट्टा उघडला. तिचा आवाज जरा खाली आला. म्हणाली, हा तुमचा. असा मी पुण्यात फार कमी पाहिलाय. नमुन्यात धान्याचे, पाल्याचे अंश सापडतात, त्यावरून गेल्या चार दिवसांतलं कळतं. आणि जंतूंवरून मागच्या कित्येक वर्षांतलं. ज्वारी आणि बाजरी रोज. हुलगे, मटकी. पालेभाजी, आणि त्यातही चिवट भाग जास्त, म्हणजे देठं. ताक. मांस तर जवळजवळ नाहीच, आजचं नाही, वर्षानुवर्षांचं.

"आता तुम्ही फॉर्मवर लिहिलंय, आधी आठवड्यातून तीनदा मटण," ती म्हणाली. "हे जंतू म्हणतात, नाही. यातलं खोटं कोण बोलतंय, काका?"

संपतराव खुर्चीवर बसले. देठं, हा एकच शब्द त्यांच्या डोक्यात राहिला. चाकवताची, अंबाडीची पानं खुडून भाजी सगळ्यांना, आणि देठं? देठं कुठे जात होती? काल तिनं काय खाल्लं? परवा? ते आठवायला लागले आणि त्यांना काहीच आठवेना. सगळ्यांचं उरकल्यावर ती आत ओट्याशी बसायची, एवढं माहीत होतं. तिच्या ताटात काय असायचं, ते अठ्ठावीस वर्षांत त्यांनी एकदाही वाकून पाहिलं नव्हतं. आणि पाषाणच्या या पोरीनं, जिनं सोजरला डोळ्यांनी पाहिलेलंसुद्धा नव्हतं, तिचं ताट त्यांच्यापुढे वाढून ठेवलं होतं. देवळात गाभाऱ्यापुढे उभं राहावं तसे ते त्या पट्ट्यापुढे बसून राहिले. छातीतली कालची कळही त्यांना आठवली. आत्ता नाही सांगितलं तर हाच कागद उराशी धरून आपण मरणार, हे त्यांना लख्ख दिसलं.

"मॅडम, ते माझं न्हाई," ते म्हणाले. "माझ्या मालकिणीचं हाय."

 कल्याणीनं संगणक बंद केला. "बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यात मी हैदराबादला जाऊन शंभर माणसांपुढे तुमच्या मिसेसना तुमच्या नावानं उभं करणार होते."

संपतरावांनी हात जोडले. वानगीची गोष्ट सांगितली, मार्केट यार्ड, वीस पोती, वडील. हॉटेलही सांगितलं, पायऱ्यांवरची कळही सांगितली. कळीचं ऐकताच तिनं बाकीचं सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना फोन लावला आणि त्यांना तिथूनच दवाखान्यात पाठवलं. तपासण्या झाल्या. तिसरी वाहिनी आणखी थोडी बुजली होती. डॉक्टर म्हणाले, गोळ्या वाढवतो आणि दोन महिने बघतो. मग ठरवू छाती उघडायची की नाही.

संपतरावांचा खरा नमुना गेला आणि त्याचाही पट्टा आला. सोजरबाईच्या पट्ट्यात तीनशेवर प्रकार होते, यांच्यात सव्वाशेसुद्धा भरले नाहीत. जे होते, त्यांत त्या उग्र वायूवाल्यांचीच चंगळ होती. संपतरावांनी दोन्ही पट्टे शेजारी-शेजारी धरले. एका चुलीवरची दोन माणसं, आणि एकाचं रान हिरवं तर एकाचं माळ.

"गेल्याले परत येत्यात का?" त्यांनी विचारलं.

कल्याणीनं खोटी आशा दाखवली नाही. काही अजून आत उपाशी पडलेत, त्यांना घातलंत तर पंधरा दिवसांत उठून बसतील. काही कायमचे गेले, ते येतीलच असं नाही. आणि हृदयाचं सगळं काही यांच्यावर नसतं, तेव्हा गोळी एकही चुकवायची नाही. तरी आठ आठवडे करून बघा. काय खायचं ते मी सांगत नाही, ते तुमच्या घरात एकीला चांगलं माहीत आहे.

त्या दिवशी संपतरावांनी घरी येऊन सांगितलं की उद्यापासून तू खाशील ते मी खाणार. सोजरबाईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, कुठं काही बुडालं का. नवऱ्यानं भाकरी मागणं म्हणजे तिला गरिबीचे दिवस परत आल्याची खूण वाटत होती. काही बुडालं नाही, असं शपथेवर सांगितल्यावर तिनं जास्तीची ज्वारी दळून आणली. पहिल्या आठवड्यात संपतरावांचं पोट ढोलासारखं फुगलं आणि त्यांनी हुलग्यांना यथेच्छ शिव्या दिल्या. कल्याणी फोनवर म्हणाली, आत लोक कामाला लागलेत, जरा सोसा. तिसऱ्या आठवड्यात पोट हलकं झालं. सकाळी गार भाकरी ताकात कुस्करून, दुपारी पालेभाजी आणि मटकी, संध्याकाळी ज्वारीच्या कण्या. जेवताना ते मधेच घास हातात धरून थांबायचे आणि आतल्या त्या दाटीचा विचार करायचे. घास आपला नाही, आपण नुसते वाढपी, असं त्यांना वाटायचं आणि अंगावर काटा यायचा.

डिसेंबरात कल्याणी स्कूटरवरून धायरीला आली, शेवटचे नमुने न्यायला आणि सोजरबाईची माहिती लिहून घ्यायला. आता सोजरबाईही अभ्यासात होती, स्वतःच्या नावानं. संपतरावांचा निकाल तिनं आल्या-आल्या सांगितला. अंड्यांनंतर रक्तात जे चढायचं, ते जवळजवळ निम्म्यावर आलं होतं. दवाखान्यात फिरत्या पट्ट्यावर चालवून पाहिलं तेव्हा कळही आली नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, छाती उघडायचं तूर्त राहू द्या. वाहिनीतला थर काही विरघळला नव्हता, पण वाढायचाही थांबला होता.

संपतराव खुशीत येऊन बोलत सुटले. ज्वारीवर बोलले, ताकावर बोलले, कल्याणी सोजरबाईला विचारत होती ते प्रश्नही तेच उडवून लावू लागले. वय सत्तेचाळीस. बीपी नाही, साखर नाही. मांसाहार, असं कल्याणीनं म्हटलं, तर ते म्हणाले, लिहा, आवडत न्हाई. हिला पयल्यापासून मटणाची आवडच न्हाई.

कल्याणीचं पेन थांबलं. तिनं सोजरबाईकडे पाहिलं आणि म्हणाली, मावशी, तुम्ही सांगा.

सोजरबाई पदराच्या टोकाशी चाळा करत होती. तिनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं, मग फॉर्मकडे. बहुतेक तिला कागदावर खोटं लिहू देववेना.

"आवडायचं की," ती म्हणाली. "उरायचं न्हाई."

 कल्याणीनं ते लिहून घेतलं की नाही, ते संपतरावांना दिसलं नाही, कारण ते जमिनीकडे पाहत होते. ज्या पोटाला त्यांनी दोन महिने हात जोडले होते, ते तसं का राहिलं, हे त्यांना एवढ्या दिवसांत एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. त्यांच्या छातीत काहीतरी आवळलं, पण ही ती कळ नव्हती. ती कळ परवडली असती, असं त्यांना वाटलं.

जाताना कल्याणी फाटकाशी आली तेव्हा त्यांनी तिला हळू आवाजात विचारलं, मॅडम, आता हिनं मटण खाल्लं तर चालंल का?

"त्यांना चालेल की. त्यांच्या पोटात ते बनवणारेच फारसे नाहीत. कधीमधी खाल्लं तर काही होणार नाही."

"आन् मला?"

"तुम्हाला नाही," ती म्हणाली आणि तिनं स्कूटर सुरू केली.

रविवारी सूरज मित्रांबरोबर लोणावळ्याला गेला होता. संपतरावांनी धायरी फाट्यावरून अर्धा किलो मटण आणलं, खाटकाला सांगून त्यात गराच्या हाडाची एक नळी टाकायला लावली, आणि सोजरबाईला म्हणाले, कर, पण माझं भाकरी-भाजीच वाढ. तिनं काही विचारलं नाही. दुपारी ती सवयीनं त्यांचं ताट वाढून आत जायला लागली, तेव्हा त्यांनी तिला हाताला धरून खाली बसवलं. मांडी नीट घालता येईना तिला. नवऱ्यासमोर, त्याच्या बरोबरीनं ताट पुढे घेऊन ती कधी बसलीच नव्हती. संपतरावांनी पातेलं पुढे ओढलं, डाव घेतला आणि तिला वाढलं. भांड्यातली नळी शोधून काढली आणि तिच्या ताटात ठेवली.

सोजरबाईनं ती उचलली, आणि तिचा हात सरळ त्यांच्या ताटाकडे आला. त्यांनी ताट मागे घेतलं. ती थोडा वेळ नळी हातात धरून तशीच बसली. मग तिनं ती तोंडाला लावली आणि ओढली. काही आलं नाही. तिनं परत ओढली, नळी डोळ्यांपुढे धरून आत पाहिलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. घरात एवढी वर्षं मटण शिजवलं होतं तिनं, पण नळीतला गर कसा काढतात, ते तिला माहीत नव्हतं.

"ताटावर आपट," संपतराव म्हणाले.

तिनं हळूच आपटली. मग जरा जोरात.